युरोपने आंबा का अडवला: २०१४ च्या बंदीचे प्रकरण, तपासनिसाच्या बाजूने

मार्च २०१४ मध्ये युरोपीय संघातल्या सदस्य देशांच्या वनस्पती-आरोग्य तज्ज्ञांनी एक निर्णय घेतला. १ मेपासून भारतातून येणाऱ्या पाच मालांना युरोपचे दार बंद झाले: आंबा, वांगे, कारले, पडवळ आणि अळू. अळूचे कंद आणि बी त्यातून वगळले होते, म्हणजे रोख पानांवर होता. ही बंदी तात्पुरती होती आणि ३१ डिसेंबर २०१५ पूर्वी तिचा फेरविचार व्हायचा होता. पण आंब्याच्या हंगामात १ मे म्हणजे ऐन भर. कोकणातला हापूस तेव्हा जोरात उतरत असतो आणि केशर त्याच्या मागोमाग तयार होत असतो.

आपल्याकडे बातमी झाली ती ‘हापूसवर बंदी’ अशी. चार भाज्या मथळ्यातून गळाल्या. लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी तिथल्या भारतीय दुकानदारांची बाजू जोरात मांडली, जागतिक व्यापार संघटनेकडे जाण्याची भाषा झाली, आणि ‘आपल्या फळांचा राजा गोऱ्यांना सोसवत नाही’ या चालीवर पुष्कळ लिहिले गेले. पण बंदी ज्यावरून आली त्या तपासणीत नेमके काय होत होते, हे फार थोड्यांनी विचारले. हा लेख त्या बाजूने लिहिला आहे. व्यापाराचे राजकारण यात जेमतेम येईल.

काय सापडले होते

युरोपीय आयोगाने दिलेले कारण एका आकड्यात होते. २०१३ या वर्षात या पाच मालांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर क्वारंटाइन किडी सापडल्या होत्या. भारतातून युरोपात जाणाऱ्या एकूण ताज्या फळे-भाज्यांत हे पाच माल मिळून पाच टक्क्यांहूनही कमी, हेही आयोगानेच सांगितले. थोडक्यात, माल थोडा आणि पकडल्या गेलेल्या खेपा फार, असे त्यांचे म्हणणे होते.

हे आकडे कुठून येतात तेही पाहू. खेप उतरली की तिथला निरीक्षक पेट्या उघडतो. जिवंत कीड सापडली तर खेप अडते. मग ती नष्ट होते किंवा परत जाते. त्याची नोंद तेव्हा युरोफिट नावाच्या प्रणालीत होई आणि निर्यातदार देशाच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेला कळवले जाते. आपल्याकडे ही यंत्रणा म्हणजे फरिदाबादचे वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय. एखादी सूचना आली तर चूक झाली म्हणून सोडून देता येते. एका वर्षात दोनशेवर आल्या की समोरचा देश किडीकडे बघणे थांबवतो आणि प्रमाणपत्राकडे बघू लागतो. झालेही तसेच. बंदीच्या कारणांत ‘प्रमाणपत्र देण्याच्या व्यवस्थेतील गंभीर उणिवा’ हे शब्द होते. प्रत्येक खेपेबरोबर ‘फायटो’, म्हणजे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, होतेच. ‘तपासले, क्वारंटाइन किडींपासून मुक्त आढळले’ असे सरकारी सही-शिक्क्यानिशी सांगणारा तो कागद. तो कागद आणि पेटीतली अळी एकाच वेळी टेबलावर आली, तर अळीवरच विश्वास ठेवावा लागतो.

क्वारंटाइन कीड म्हणजे काय, याचा पुष्कळांच्या मनात गोंधळ असतो. कीड किती नुकसान करते एवढ्यावर ते ठरत नाही. ज्या प्रदेशात माल जाणार तिथे ती कीड अजून नाही, किंवा थोड्या भागातच आहे आणि सरकार तिला आवरून धरते आहे, आणि ती पसरली तर आर्थिक फटका बसेल, अशी कीड त्या प्रदेशासाठी क्वारंटाइन ठरते. त्यामुळे आपल्या बागेत जी माशी रोजची, ती तिकडे गुन्हेगार. आणि इथे टक्केवारी चालत नाही. प्रतवारीत शंभरात चार-पाच आंबे डागी निघाले तर दर पाडून माल स्वीकारला जातो. क्वारंटाइनमध्ये एक जिवंत अळी निघाली की विषय संपला.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे. आपल्याकडच्या निर्यातदारांची नजर प्रतवारीत तयार झालेली आहे आणि त्यात ती पक्की आहे. वजन, रंग, आकार, देठ, चिकाचे डाग, किती आणे तयार झाला आहे, हे सारे पेटी भरणारा माणूस आंबा हातात घेताक्षणी सांगतो. क्वारंटाइनची तपासणी मात्र निराळे कसब आहे. ती चांगले फळ शोधत नाही; वाईटात वाईट फळ शोधते, आणि ते बहुधा दिसायला चांगलेच असते.

अळी दिसत का नाही

आंब्यावरच्या फळमाशीत आपल्याकडे मुख्य जात बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. शिवाय तिच्या एक-दोन बहिणी. मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखा अवयव असतो. त्याने ती सालीला छिद्र पाडते आणि सालीखालच्या गरात अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, पांढुरक्या अळ्या गर खात आत शिरतात, आठवडा-दीड आठवड्यात पूर्ण वाढतात, फळातून बाहेर पडून जमिनीत कोषात जातात.

यातल्या कोणत्या टप्प्यावर तपासनीस फळ हातात घेतो, यावर सगळे अवलंबून आहे. अळ्या मोठ्या झाल्यावर फळ मऊ पडते, डाग पसरतो, दाबले की रस येतो. तो आंबा शेतातच बाजूला काढला जातो. पण निर्यातीचा हापूस चौदा आणे तयार असताना, हिरवा आणि कडक असा, देठासकट काढतात. त्याला आदल्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी डंख झाला असेल तर वर दिसते ते टाचणीच्या टोकाएवढे छिद्र. कधी त्यातून चिकाचा बारीक थेंब आलेला असतो, कधी तोही नाही. त्यात हापूसच्या सालीवर चिकाचे ओघळ, पानाचे ओरखडे, लेंटिसेलचे, म्हणजे सालीच्या श्वासछिद्रांचे, ठिपके असतातच. या गर्दीत डंख ओळखायचा. भिंग घेऊन, चांगल्या उजेडात, फळ हळूहळू फिरवून पाहिले तर अनुभवी माणसाला तो सापडू शकतो. विमानाची वेळ गाठायची असताना पेटीच्या वरच्या थरावरून नजर फिरवली तर सापडत नाही.

मग फळ कापायचे. डंखाच्या संशयाखाली साल पातळ चकतीसारखी काढून पाहिली तर अंड्यांचा पुंजका दिसतो, तांदळाच्या कणीहून बारीक. नुकती फुटलेली अळी गराच्या रंगात मिसळून जाते. जो कापत नाही त्याला यातले काहीच सापडणार नाही, आणि कापलेला आंबा विकता येत नाही. पाच डझनांच्या पेटीतले दोन आंबे कापू द्यायला कोण राजी होतो? निर्यातदार राजी नसतो, आणि खरे सांगायचे तर तपासनिसालाही ते बरे वाटत नाही.

आंबेवाल्यांना ही अडचण नवी नव्हती. हापूसमधला साका असाच: बाहेरून निर्दोष, कापल्यावर आत पांढरा, स्पंजासारखा, आंबूस गर. साका ही कीड नव्हे, फळाच्या शरीरातला बिघाड आहे. युरोपचा त्याला आक्षेप असायचे कारण नाही. पण ‘बाहेरून बघून आतले सांगता येत नाही’ हा धडा कोकणातला प्रत्येक बागायतदार साक्यापासूनच शिकलेला असतो. फळमाशीच्या बाबतीत मात्र आपण त्याच बाहेरच्या नजरेवर प्रमाणपत्रे देत राहिलो.

अळी तिकडे मात्र कशी दिसते? प्रवासात दिवस जातात, फळ गरम जागी थांबते, पिकू लागते, अळ्या वाढतात. इथे अंडी होती तिथे तिकडे पेटी उघडताना वळवळणाऱ्या अळ्या असतात. फळमाशीची मोठी अळी शरीर वाकवून उडीही मारते, त्यामुळे पेटीच्या तळाशी ती लपत नाही. इथल्या तपासनिसाने हलगर्जी केली असा निष्कर्ष त्यातून काढणे सोपे, पण अपुरे आहे. दोघांनी एकच खेप पाहिली तरी दोघांपुढची कीड वेगळ्या वयाची होती.

नमुन्याचे गणित

समजा तीन टनांची खेप आहे, आंबा सरासरी पाव किलोचा, म्हणजे सुमारे १२,००० फळे. त्यातल्या अर्ध्या टक्क्याला, म्हणजे ६० फळांना, डंख आहे. तपासनीस सगळ्या पेट्यांतून मिळून १०० फळे सरमिसळ निवडतो. त्यात एक तरी डंखाचे फळ हाती लागण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के. म्हणजे हाती न लागण्याची शक्यताच जास्त. आता हेही धरा की डंखाचे फळ हातात आले तरी नुसत्या नजरेने ते ओळखण्याचे प्रमाण दहात तीन आहे. मग किडकी खेप पकडली जाण्याची शक्यता उतरते १४ टक्क्यांवर. सातपैकी सहा वेळा ती सुटते, आणि सही करणारा माणूस प्रामाणिक असतो.

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण गणित खरे आहे. नमुना किती घ्यावा यावर आंतरराष्ट्रीय मानक आहे, वनस्पती-आरोग्य उपायांच्या मालिकेतले ३१ वे. त्याच्या तक्त्यांचा सारांश असा: मोठ्या खेपेत १ टक्का लागण ९५ टक्के खात्रीने पकडायची तर जवळपास ३०० नग पाहावे लागतात, लागण दशांश टक्का असेल तर जवळपास ३,०००. आणि हे ‘पाहिले म्हणजे ओळखलेच’ असे गृहीत धरून. ओळखण्याचे प्रमाण पाचात एक असेल तर ३०० चे १,५०० होतात.

आणखी एक गोष्ट तपासणीच्या टेबलाशी उभे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. ‘खेपेच्या दोन टक्के पेट्या तपासा’ असा नियम ऐकायला न्याय्य वाटतो, पण लहान खेपांना तो फार सैल पडतो. वीस पेट्यांच्या दोन टक्के म्हणजे अर्धी पेटीही नाही. विमानाने जाणारा माल, विशेषतः भाज्या, छोट्या छोट्या खेपांनी जातो: दहा पेट्या कारले, पाच अळू, पाच पडवळ. प्रत्येक खेपेला स्वतंत्र तपासणी हवी आणि प्रत्येकीचा नमुना इतका लहान की त्यातून काही निघणारच नाही.

म्हणून बंदीनंतर ‘तपासणी कडक करा’ अशी जी पहिली मागणी आली ती मला फारशी कामाची वाटत नाही. टेबलावरची माणसे दुप्पट केली, तरी १४ टक्क्यांचे फार तर २६ टक्के होतात.

इंग्लंडच्या थंडीत आंब्याची माशी?

आपल्याकडचा सगळ्यात लोकप्रिय आक्षेप हाच होता. ब्रिटनमध्ये आंबा पिकत नाही. ही माशी तिथल्या हिवाळ्यात जगणार कशी? ब्रिटनच्या पर्यावरण व कृषी खात्याने टोमॅटो आणि काकडीच्या ३२ कोटी १० लाख पौंडांच्या शेतीला धोका असल्याचे सांगितले तेव्हा तर हसू झाले.

आक्षेप निम्मा बरोबर आहे. डॉर्सालिस माशी ब्रिटनच्या उघड्या शेतात टिकण्याची शक्यता नगण्य. पण निर्णय ब्रिटनपुरता नव्हता. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होते. त्या संघात माल एकदा शिरला की तो आतल्या आत फिरतो, आणि त्यात स्पेन, इटली, ग्रीसही होते. तिथे संत्री, पीच, अंजीर होतात आणि हिवाळा सौम्य असतो. इटलीच्या कांपानिया भागात २०१८ मध्ये हीच माशी सापळ्यात सापडली. ती भारतीय आंब्यातून गेली असे म्हणण्याला कसलाही आधार नाही. आशिया आणि आफ्रिकेतून जाण्याचे तिचे मार्ग अनेक आहेत. पण भीती काल्पनिक नव्हती एवढे त्यातून दिसते.

दुसरे, टोमॅटो-काकडीचा संबंध आंब्याशी जोडला म्हणून हसू आले. तो मुख्यतः भाज्यांशी जोडायला हवा होता. कारल्या-पडवळावरची वेलवर्गीय फळमाशी, वांग्यावरचे फुलकिडे, पानांखालची पांढरी माशी: या किडी काचघरात, जिथे बारा महिने ऊब असते, आरामात राहतात, आणि पांढरी माशी विषाणूही वाहून नेते. मथळ्यातून भाज्या गळाल्या नसत्या तर हा मुद्दा आपल्याला कदाचित आधी समजला असता.

काय बदलले

बंदी लागू होण्याआधीच, १ एप्रिल २०१४ पासून, आपल्याकडे एक बदल झाला होता. युरोपला जाणारी फळे-भाजी अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी-निर्यात संस्थेने मान्यता दिलेल्या पॅकहाऊसमधूनच, म्हणजे माल निवडून पेट्या भरण्याच्या केंद्रातूनच, जावी, असे ठरले. तपासणी तिथे, प्रतवारीच्या पट्ट्याशेजारी व्हायची. ‘नवी व्यवस्था लावली आहे, मग बंदी कशाला’ हा भारताचा त्या वेळचा युक्तिवाद होता. युरोपने तो तेव्हा ऐकला नाही.

पॅकहाऊसची सक्ती हा कागदी बदल वाटतो, पण तपासनिसाच्या दृष्टीने तो मोठा आहे. सक्ती नसताना माल कुठल्याही शेडमध्ये भरता येई, आणि चार बागांचा, दोन दलालांचा माल एका खेपेत एकत्र होई. अळी सापडली तरी बोट कुणाकडे दाखवणार? पॅकहाऊसमध्ये माल येताना कुठल्या बागेचा, कधी काढला, याची नोंद करता येते. किडकी बाग पुढच्या आठवड्यात थांबवता येते. तपासणीतून काही शिकायचे तर सापडलेली कीड तिच्या घरापर्यंत पोचवता आली पाहिजे.

सप्टेंबर २०१४ मध्ये युरोपीय आयोगाच्या अन्न व पशुवैद्यक कार्यालयाचे पथक भारतात येऊन गेले. व्यवस्थेत लक्षणीय सुधारणा आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. जानेवारी २०१५ मध्ये सदस्य देशांनी आंब्यावरची बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिले आणि फेब्रुवारीत तसा निर्णय निघाला. २०१५ चा हंगाम वाचला. भाज्यांवरची बंदी मात्र तेव्हा उठली नाही.

आंबा सुटला आणि भाज्या अडकल्या, याचे कारण एका टाकीत आहे.

४८ अंश, ६० मिनिटे

युरोपसाठी आंब्याला उष्ण जल प्रक्रिया आली: ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे. अंडी आणि अळ्या फळात असतील तिथेच मरतात. जपानला जाणाऱ्या आंब्यासाठी आधीच उष्ण बाष्प प्रक्रिया होती. जपानने वीस वर्षांची बंदी २००६ मध्ये उठवली ती त्या अटीवर: ४७.५ अंशाला २० मिनिटे, तीही जपानी निरीक्षकाच्या देखत. अमेरिकेला २००७ पासून ४०० ग्रे (विकिरणाच्या मात्रेचे एकक) विकिरण; लासलगावचे केंद्र मुळात कांद्यासाठी उभारले गेले, त्याला आंब्याने नवे काम दिले. म्हणजे तंत्र घरात होते. युरोपने ते मागितले नव्हते म्हणून आपण वापरत नव्हतो.

इथे तपासनिसाचे काम बदलते. आता त्याला अळी शोधायची नसते; पाणी खरेच ४८ अंश होते का, टाकीच्या सगळ्या कोपऱ्यांत होते का, आणि पूर्ण साठ मिनिटे होते का, हे पाहायचे असते. ऐकायला सोपे, करताना बारकावे पुष्कळ. मोठे फळ आतून उशिरा तापते, म्हणून टाकीत घालण्याआधी वजनावारी प्रतवारी लागते. दोनशे ग्रॅम आणि साडेतीनशे ग्रॅमचे आंबे एका क्रेटमध्ये चालत नाहीत. थंड फळे टाकीत पडली की पाणी उतरते. ते किती लवकर परत चढते ते पाहावे लागते. सेन्सर पाण्यात असतो आणि सर्वांत मोठ्या फळाच्या गरातही खुपसलेला असतो. नोंद आपोआप झाली पाहिजे, हाताने लिहिलेली चालत नाही. सेन्सर स्वतःच अर्धा अंश चुकत असेल तर सगळा दिवस वाया, म्हणून त्याची पडताळणी ठरलेल्या काळाने.

अशा प्रक्रियांचा जुना कठोर मापदंड ९९.९९६८ टक्के मृत्यूचा आहे: दहा लाखांत ३२ जगल्या तर जगल्या. त्या मापाशी आपल्या १४ टक्क्यांच्या तपासणीची तुलना करून पाहा.

प्रक्रियेनंतरची खोली हा साखळीतला कच्चा दुवा. पाण्यातून निघालेला आंबा निर्जंतुक नसतो, फक्त कीडमुक्त असतो, आणि माशी त्याला पुन्हा डंख करू शकते. म्हणून पुढचे सगळे जाळीबंद जागेत: दुहेरी दार, हवेचा पडदा, छिद्रांना बारीक जाळी लावलेल्या पेट्या. एखाद्या पॅकहाऊसमध्ये पहिले काय पाहावे असे मला कुणी विचारले तर मी टाकीकडे नंतर जाईन. आधी त्या दुहेरी दारापाशी थांबेन आणि दोन्ही दारे एकदम उघडी टाकून क्रेट आत नेले जातात का ते बघेन. दुपारी गाडी लागली की ते हमखास होते.

फळालाही किंमत मोजावी लागते. कोवळा किंवा चीक नीट न निथळलेला आंबा गरम पाण्यात भाजतो. सालीवर तपकिरी चट्टे येतात, कधी गराचा थर टणक राहतो. हापूस या बाबतीत नाजूक आहे. प्रक्रियेने चव गेली अशी तक्रार बागायतदार करतात. बऱ्याचदा दोष पाण्यापेक्षा कोवळ्या काढणीचा असतो, पण तक्रार अगदीच खोटीही नाही.

आणि गरम पाणी सगळ्यांवरचा उतारा नव्हे. आंब्याच्या कोयीत राहणारा भुंगा गराच्या आत, कोयीच्या कवचात असतो. फळावर त्याची काहीच खूण नसते; मादीने अंडी घातलेली जखम फळ वाढताना भरून येते. अमेरिकेसाठी विकिरण निवडले गेले त्यात या भुंग्याचाही विचार होता. एकच आंबा तीन देशांना तीन रीतींनी पाठवावा लागतो तो यामुळे.

बाग

प्रक्रिया आली म्हणून बागेतले काम सुटत नाही. ज्या बागेत फळमाशी भरमसाट, तिथल्या मालात दहा लाखांत ३२ चाही हिशेब जड होतो. कोकणात पावसाआधीच्या सरी पडू लागल्या की माशी वाढते. मेअखेरचा माल म्हणून जोखमीचा. गळालेली फळे झाडाखाली कुजू देणे ही सर्वांत वाईट सवय, कारण अळ्या तिथूनच मातीत उतरतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा मिथाइल युजेनॉल या माशीला ओढून घेणाऱ्या रसायनावर चालतो. त्यात फक्त नर येतात. नुसत्या नर माश्या धरून काय होणार, असे शेतकरी विचारतात. नियंत्रणासाठी तो लागतोच, पण तपासनिसाला तो वेगळ्याच कारणासाठी हवा असतो: आठवड्याचा आकडा. सापळ्यात माश्या चढू लागल्या की त्या बागेच्या मालातून जास्त फळे कापायची, हे पॅकहाऊसमध्ये माल येण्याआधीच कळते. पुढे निर्यातीच्या बागांची मँगोनेट या ऑनलाइन प्रणालीवर नोंदणी होऊ लागली, त्याचा खरा उपयोग इथे आहे. पण नोंदणी झाली आणि सापळ्याची वही कोरीच राहिली, तर बागेचा नंबर हा केवळ पेटीवरचा आकडा उरतो.

युरोपने २०१९ मध्ये हीच चौकट सगळ्यांना लावली. १ सप्टेंबरपासून युरोपबाहेरच्या कुठल्याही देशाचा आंबा या फळमाश्यांपासून मुक्त देशातला वा प्रदेशातला हवा, किंवा ज्या बागेत हंगामभर लक्षण दिसले नाही तिथला, नाहीतर परिणामकारक प्रक्रिया केलेला. पश्चिम आफ्रिकेतल्या निर्यातदारांना त्याची धावपळ करावी लागली. आपल्या टाक्या तोवर पाच हंगाम चालून झाल्या होत्या.

अळूचे पान कशात बुडवणार?

आता त्या चार भाज्या. ४८ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवलेल्या अळूच्या पानाचे काय होईल ते सांगायला नको. कारले, पडवळ, वांगे यांचेही तेच. भाज्यांना टाकी नाही. त्यांना बाग आहे आणि नजर आहे. म्हणून तपासणीचे कसब खऱ्या अर्थाने लागते ते इथे, आणि माझ्या मते प्रशिक्षणाचा पैसा आंब्यापेक्षा इथे जास्त खर्च व्हायला हवा.

वांग्याचे उदाहरण घ्या. शेंडा व फळ पोखरणारी अळी फळात शिरते ती बहुतेक वेळा देठाच्या हिरव्या टोपीखालून, आणि शिरल्याचे भोक तिच्या विष्ठेने बंद होते. फळावर जे ठळक गोल भोक दिसते ते अळी बाहेर पडल्याचे असते. नवा तपासनीस भोकाचे वांगे बाजूला काढतो, बिनभोकाचे पास करतो, आणि अळी दुसऱ्यातच असते. टोपी उचलून पाहिल्याशिवाय वांगे तपासले असे म्हणता येत नाही. फुलकिडेही तिथेच दडतात. कारल्याच्या खाचांत फुलकिडे असतात, ते पांढऱ्या कागदावर फळ आपटल्यावर पडतात. वाकडे, एका बाजूने बसलेले कारले हा आकाराचा दोष मानून दुय्यम प्रतीत टाकतात. पुष्कळदा तो कोवळेपणी बसलेल्या फळमाशीच्या डंखाचा असतो, आणि तशी फळे एकाच शेतातून वारंवार येत असतील तर प्रश्न त्या शेताचा असतो.

अळूची पाने एकावर एक रचून, गुंडाळून, जुडी बांधून येतात. पांढऱ्या माशीची पिल्ले पानाच्या मागच्या बाजूला चिकटलेली, चपटी, जवळपास पारदर्शक. जुडी सोडून प्रत्येक पान उलटे करून दहापट भिंगाखाली शिरांच्या कडेने पाहावे लागते, आणि पुन्हा बांधताना पाने फाटतात. पाच पेट्यांच्या खेपेत टक्केवारीचा नियम लावला तर एक जुडीही वाट्याला येत नाही. मग व्यवहार्य रस्ता दुसरा: युरोपला जाणारा अळू जाळीघरात किंवा ठरलेल्या, नोंदलेल्या वाफ्यांत घ्यायचा, काढणीच्या आठवड्यात शेतातच पाने उलटून पाहायची, जिथे एका माणसाला तासाभरात शेकडो पाने बघता येतात आणि काही फाटत नाही, आणि पॅकहाऊसमध्ये फक्त त्या पाहणीची खातरजमा करायची. यासाठी टाकी-प्रक्रिया लागत नाही की मोठी इमारत. लागतो तो भाजीच्या शेतापर्यंत आठवड्याला जाणारा प्रशिक्षित माणूस, आणि पाच पेट्यांच्या मालासाठी त्याचा खर्च कोणी उचलायचा, यावर निर्यातदार आणि सरकार दोघेही एकमेकांकडे बघतात.